बुरशी लागलेला मका, तीनशे कोंबड्या आणि तीन महिन्यांच्या नोंदी

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं छोटं शेड आहे. कावेरी जातीच्या ३०० तलंगा वाढवून आता अंड्यावर आल्यात. खाद्य विकत घेणं परवडत नाही म्हणून भरडा घरीच करते. १०० किलोला मका ५५, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) २४, राईस पॉलिश (तांदळाचा बारीक कोंडा) १०, शिंपल्याचा चुरा ८, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी) दीड किलो आणि बाकी मीठ आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण). रोज साधारण ३३ किलो लागतं, म्हणजे १८ किलो मका. आमच्या बचत गटातल्या आणखी पाच जणींनी याच धर्तीवर कोंबड्या घेतल्यात, त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी इथं उतरवून काढते आहे. जिथं चुकले तिथं तसंच लिहिलंय.

१४ ऑक्टोबर

बारा क्विंटल मका घेतला, ५० किलोची २४ पोती. भाव १,७५०. चांगला मका बाजारात २,२५० ला होता. परतीच्या पावसात भिजलेला माल आहे हे व्यापाऱ्यानं लपवलं नाही, "दोन उन्हं द्या, कडक होईल" म्हणाला. क्विंटलमागं ५०० वाचतात, एकूण सहा हजार. मी लगेच हो म्हटलं.

पोतं सोडल्यावर कोंदट वास आला. जुन्या घराची बंद खोली उघडली की येतो तसा. दाण्याच्या टोकाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काही दाण्यांवर हिरवट पिवळी भुकटी होती. बोटानं पुसली तर निघून गेली. तेव्हा वाटलं, निघून गेली म्हणजे झालं.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर वाळवला. सासूबाई आणि मी बसून हिरवे दाणे वेचले, सात-आठ किलो निघाले. बाकीचा दातानं फोडून पाहिला, कट्‌कन आवाज आला. वासही गेला. आज पहिला भरडा केला. अंडी १७२.

(ही नोंद मी नंतर लाल पेनानं चौकटीत घेतली. सगळी चूक इथं आहे. वाळवल्यानं बुरशी वाढायची थांबते, पण तिनं आधी दाण्यात सोडलेलं विष तसंच राहतं. त्या विषाला ना रंग ना वास. वेचलेल्या सात किलोत थोडं गेलं असेल, बाकीचं स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यांत होतं.)

१ नोव्हेंबर

अंडी १५८. खाद्यभांड्यात सकाळचं खाद्य दुपारपर्यंत उरतंय, हे आधी कधी व्हायचं नाही. दिवस लहान झाले म्हणून असेल असं वाटलं. बल्बची वेळ वाढवून उजेड सोळा तास केला.

९ नोव्हेंबर

लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीची, मात्रा पाण्यातून दिली. पहाटे दोन तास पाणी तोडलं, मग दूध पावडर घातलेल्या पाण्यात लस. सगळ्यांनी प्यायलं. अंडी १४६.

तुरे फिके दिसतात. लाल असायचे ते आता धुतल्यासारखे गुलाबी. पायांच्या नळ्यांचा पिवळेपणाही गेलाय.

११ नोव्हेंबर

सकाळी मुलांसाठी अंडं फोडलं तर बलक जवळजवळ लिंबाच्या सालीचा रंग. आमच्या अंड्याचा बलक झेंडूसारखा असतो, गिऱ्हाईक त्यासाठीच दोन रुपये जास्त देतात. मका तर तेवढाच घालते, मग रंग कुठं गेला? हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि तसाच सोडून दिला. त्याच दिवशी धरून बसले असते तर निम्म्या कोंबड्यांचे हाल वाचले असते. खाद्यातला रंग अंगात मुरायला आतडं आणि यकृत धड लागतं, ते बिघडलं की मका कितीही पिवळा असो, तुरा, नळ्या आणि बलक फिकेच पडतात.

१६ नोव्हेंबर

तीन मेल्या. हिरवट पातळ शी. राणीखेत म्हणून घाबरले. औषधाच्या दुकानातून विचारून अँटिबायोटिक आणलं, १,४०० रुपये, पाच दिवस पाण्यातून. औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस अंडी विकायची नसतात हे मला ठाऊक होतं, तरी त्या पाच दिवसांतली अंडी मी विकली. याचं मला अजून वाईट वाटतं.

२१ नोव्हेंबर

एकूण अकरा मेल्या. औषधाचा काडीचा उपयोग नाही. ह्यांनी मोटारसायकल काढली. रात्री मेलेल्या दोन बर्फात घालून आणि एक आजारी जिवंत कोंबडी पाटीत घेऊन उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. मेलेली कोंबडी फ्रीजरमध्ये गोठवून नेऊ नका, नुसत्या बर्फात न्या. गोठलं की आतलं काही नीट दिसत नाही.

डॉक्टरांनी आमच्यासमोर फाडून दाखवलं. यकृत गडद तपकिरी, घट्ट आणि चकचकीत असायला हवं. आमच्या कोंबडीचं सुजलेलं, कडा बोथट झालेल्या, रंग पिठल्यासारखा. डॉक्टरांनी नुसता अंगठा टेकवला तर फुटलं आणि हातमोज्यावर तेलकट डाग राहिला. मांडीची कातडी सोलली तर मांसावर रक्ताचे डाग, जणू कुणी चिमटे काढलेत. जठराच्या आत राणीखेतमध्ये दिसतात ते रक्ताचे ठिपके नव्हते. मूत्रपिंडं बरी होती. ती सुजून पांढरट झाली असती तर दुसऱ्या बुरशीच्या विषाचा संशय घेतला असता, असं ते म्हणाले. चोचीतही उघडून पाहिलं, आत फोड किंवा पांढरे चट्टे नव्हते. ते तिसऱ्या एका विषाचं लक्षण.

मग म्हणाले, "ताई, मका कुठला?"

सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष. यकृतावर बसतं, भूक मारतं, अंडी तोडतं आणि रोगाशी लढायची ताकद काढून घेतं. ९ तारखेची लस म्हणूनच नीट लागली नसेल. आजपासून हा मका बंद, आणि तपासून घ्या, असं सांगितलं. येताना दोन क्विंटल चांगला मका २,३०० नं घेतला.

२२ नोव्हेंबर

पुण्याच्या एका प्रयोगशाळेला नमुना कुरिअर केला, फी १,८००. वरच्या एका पोत्यातून ओंजळभर मका घेतला, पिशवीत बांधला. (ही दुसरी मोठी चूक.)

२७ नोव्हेंबर

अहवाल: ९ पीपीबी (अब्ज भागांत नऊ भाग विष). कोंबडीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा २० पीपीबी धरतात. म्हणजे मका चांगला! मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवसापासून जुना मका परत सुरू केला. डॉक्टरांना फोनही केला नाही.

१ डिसेंबर

चार दिवसांत परत पाच मेल्या, एकूण १९. अंडी ९४. फोन केला. नमुना कसा काढला ते ऐकल्यावर डॉक्टर पहिल्यांदाच चिडले.

बुरशी सगळ्या मक्यात सारखी नसते. जिथं ओल राहिली, जिथं सोंडे लागून दाणा तापला, तिथं ठिपक्या-ठिपक्यानं असते. एका पोत्यात नावालाही नाही आणि शेजारच्यात भरपूर. हजार दाण्यांत मूठभर दाणे विषारी असले तरी सगळं खाद्य बाद. माझी ओंजळ नशिबानं चांगल्या जागेवर पडली होती.

आज नीट काढला. उरलेल्या सगळ्या पोत्यांतून, प्रत्येकी वर, मध्ये आणि तळाशी हात घालून तीन-तीन मुठी. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा दोन पोत्यांत मध्यभागी चक्क ऊब लागली. बाहेर थंडी, वरचा मका गार आणि आत कोमट. सगळा काढलेला मका एकत्र करून गिरणीत दळला, पीठ पुन्हा पुन्हा खालीवर केलं आणि त्यातलं अर्धा किलो पाठवलं. परत १,८००.

२ डिसेंबर

अहवालाची वाट न बघता जुना मका बंद. अंड्यातही विषाचा थोडा अंश उतरू शकतो, म्हणून निदान आठ-दहा दिवस अंडी विकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. गिऱ्हाइकांना खरं कारण सांगितलं. दोन घरं तुटली, बाकीच्यांनी थांबतो म्हटलं. रोजची अंडी उकिरड्याशेजारी खड्ड्यात पुरते. पहिल्या दिवशी पुरताना सासूबाईंना बघवेना, त्या आत निघून गेल्या.

६ डिसेंबर

दुसरा अहवाल: १२६ पीपीबी. तोच मका.

उरलेल्या ४८० किलोचं काय करायचं यावर घरात दोन दिवस बोलणं चाललंय. जे जे सुचवलं गेलं ते लिहून ठेवते, कारण तुमच्या घरीही हेच सुचवलं जाईल.

उकडून घालू. चालणार नाही. हे विष चुलीच्या आचेला दाद देत नाही, भाजलं तरी राहतं.

चांगल्या मक्यात थोडा थोडा मिसळू. मी याकडं झुकले होते, हिशोबही मांडला. १२६ ला २० च्या खाली आणायला सहा-सातपट चांगला मका लागतो, आणि एवढं नीट मिसळणं खोऱ्यानं होत नाही. आधीच यकृत गेलेल्या कोंबड्यांवर ते करून बघायची माझी छाती झाली नाही.

म्हशीला घालू, तिला काय होतंय. यावर सासूबाई ठाम होत्या. पण जनावरानं खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आमच्याच घरातली पोरं पितात. हे सांगितल्यावर त्यांनी विषय सोडला.

शेजारचे काका म्हणाले, गोरगरीब भाकरी करून खातील, फेकू नको. काकांच्या मनात वाईट नव्हतं. पण १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात असाच पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं गेली. कुत्रीही मेली होती. डॉक्टरांनी सांगितलेली ही गोष्ट मी काकांना सांगितली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला कुदळ घेऊन तेच आले.

८ डिसेंबर

विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला चार फूट खोल खड्डा. तोंडाला मास्क, वरून ओला रुमाल. पोतं ओततानाच हिरवट धूळ उडते, ती छातीत जाऊ द्यायची नाही. मका, वर शेण, वर दोन फूट माती. उघडा टाकला असता तर गावच्या कोंबड्या आणि शेळ्या तिथं आल्या असत्या. रिकामी पोतीही जाळली. आठ हजार चारशेचा माल.

काकांकडं खरिपाची काळी पडलेली ज्वारी आहे, मक्याऐवजी तीच घे असं म्हणाले, भाव अगदी कमी. नको म्हटलं. फुलोऱ्यानंतर पाऊस लागून काळी पडते तीही बुरशीच, फक्त वेगळी, आणि तिची विषंही वेगळी.

१३ डिसेंबर

चांगला मका चालू होऊन अकरा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात खाद्य चाटूनपुसून खात होत्या. परवापासून परत उरतंय. अंडी ९१ वर गेली होती ती ८६. मरतूक परत दोन. मी अगदी रडकुंडीला आले. मका नवा, अहवाल खराब आलेला मका मातीखाली, मग आता काय?

दुपारी भरड्याचा ड्रम रिकामा करून उन्हात आडवा केला तेव्हा कळलं. तळाशी कडेनं बोटभर जाडीचा थर जमला होता, काळसर हिरवा, खरवडल्यावर खपल्या निघाल्या. भरडणी यंत्राच्या तोंडाशी तसाच. खाद्यभांड्यांच्या गोल कडेला, पाण्याचे शिंतोडे उडतात तिथं, तसाच. मी दर तीन दिवसांनी नवा भरडा त्याच थरावर ओतत होते.

सगळं तारेच्या ब्रशनं खरवडलं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतलं, दोन दिवस कडक उन्हात ठेवलं. पूर्ण सुकल्याशिवाय वापरायचं नाही, नाहीतर तीच ओल परत बुरशी धरते. लिटरमधला (शेडच्या जमिनीवरच्या अंथरणातला) पाण्याच्या भांड्यांखालचा ओला तूस काढून नवा टाकला. आता दर रविवारी ड्रम पूर्ण रिकामा करायचा.

१५ डिसेंबर

एकूण मेल्या २८. यकृतासाठी लिव्हर टॉनिक पाण्यातून, खाद्यात कोलीन, ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम. टॉक्सिन बाइंडरही (खाद्यातलं विष पोटात धरून ठेवणारी भुकटी) सुरू केलं, टनाला दोन किलो या हिशोबानं १०० किलोला २०० ग्रॅम. हे सगळं मिळून २,३५०.

बाइंडरबद्दल दोन गोष्टी. मातीसारखं जे साधं बाइंडर मिळतं ते अफ्लाटॉक्सिनला चांगलं धरतं, बाकीच्या बुरशीविषांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. आणि ते खराब मका वापरायचा परवाना नाही. आम्ही चांगल्या मक्याला राखण म्हणून घालतो.

मिसळताना पहिल्यांदा २०० ग्रॅम सरळ १०० किलोच्या ढिगावर टाकून खोऱ्यानं फिरवलं. एका कोपऱ्यात पांढरा पट्टा तसाच राहिलेला दिसला. आता आधी दोन किलो भरड्यात हातानं चोळते, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात. पंधरा मिनिटं जास्त जातात.

२८ डिसेंबर

अंडी ११४. गेल्या दहा दिवसांत तीन मेल्या, एकूण ३१. त्यानंतर मरतूक थांबली. तुऱ्यांना लाली येतेय, पण सगळ्यांना नाही. वीस-पंचवीस कोंबड्या अजून खांदे पाडून बसतात. यकृत सुधारायला वेळ लागतो, मका बदलला की दुसऱ्या दिवशी अंडी वाढतील ही आशा धरू नका.

लासोटा आज परत दिली, आधीची धरायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

५ जानेवारी

साठवणीची खोली. फरशीवरून सहा इंच उंच लाकडी फळ्यांचा माच केला, भिंतीपासून हातभर लांब. आधी पोती भिंतीला टेकून होती आणि ती ऊब लागलेली दोन्ही पोती भिंतीकडचीच होती. भरडा आता तीन-चार दिवसांपुरताच करते. अख्ख्या दाण्यापेक्षा भरडलेला मका ओल फार लवकर धरतो.

ओलावा बघायला घरगुती युक्ती: कोरड्या काचेच्या बरणीत चार-पाच मुठी मका, दोन चमचे कोरडं मीठ, मिनिटभर हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. पण साठवायला १२-१३ च्या आत हवा आणि १३-१५ मधला फरक मीठ सांगत नाही. म्हणून आम्ही सहा जणींनी मिळून ओलावा मोजायचं यंत्र घेतलं, ४,२००, प्रत्येकी ७००.

अतिनील टॉर्चही ६५० ला मागवला होता. अंधारात फोडलेल्या काही दाण्यांत हिरवट पिवळी चमक दिसते खरी. पण चमक दिसली नाही म्हणजे विष नाही असं होत नाही. ६५० वाया, ते खालच्या हिशोबात धरलेले नाहीत.

२० जानेवारी

अंडी १४६, कोंबड्या २६९. बलक परत पिवळा, झेंडूइतका नाही पण जवळ आलाय. तुटलेल्या दोन घरांतलं एक परत आलं.

हिशोब मांडला. कमी मिळालेली अंडी वहीवरून साधारण ४,३००, आठ रुपयांनी ३४,४००. पुरलेली ९०० अंडी, ७,२००. मेलेल्या ३१ कोंबड्या ३५० नं १०,८५०. पुरलेला मका ८,४००. दोन तपासण्या ३,६००. फुकट गेलेलं अँटिबायोटिक १,४००. टॉनिक आणि बाइंडर २,३५०. एकूण ६८,२००. मका घेताना वाचवले होते ६,०००.

२३ जानेवारी

पुढच्या महिन्याचा मका घ्यायला आम्ही चौघी गेलो होतो, यंत्र बरोबर घेऊन. व्यापारी दुसरा. त्यानं आधी कुरकूर केली, मग म्हणाला मोजा. सात पोती उघडली, प्रत्येकात कोपरापर्यंत हात घातला. सहा पोती १२ च्या आसपास आली. सातव्याला यंत्रानं १६.८ दाखवलं. वरून पाहिलं तर त्यातला दाणा बाकी सहांपेक्षा जास्त टपोरा आणि चकचकीत होता. ते पोतं तिथंच ठेवलं, सहा घेऊन आलो.